सासऱ्यांचा वॉकआउट

माझे सासरे एका मंगळवारी सकाळी पोहे खाता खाता ग्रुपमधून बाहेर पडले. बशी मांडीवर, चमचा तोंडात आणि अंगठ्याने फोनवर दोनदा टकटक. मग चमचा बाहेर काढून त्यांनी जाहीर केलं, "वॉकआउट केला."

मी ऑफिसच्या घाईत, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात स्कूटीची चावी. चौकात स्कूटी लावून ऑफिसची कॅब पकडायची असते, आणि ती चुकली की मी कुणाचीच नसते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी थांबले, कारण त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कारखान्याच्या गेटवर कुलूप ठोकून आलेत.

"कुठून, बाबा?"

"ग्रुपमधून. आता बघ, दुपारपर्यंत फोन येतो की नाही."

हा ग्रुप म्हणजे त्यांच्या कंपनीतल्या रिटायर झालेल्या कामगारांचा. बाबा तरुणपणी धाराशिवकडून पिंपरीला आले, एका कारखान्यात लेथ मशीनवर उभे राहिले ते रिटायर होईपर्यंत उभेच राहिले. मधली बरीच वर्षं युनियनमध्ये. बोलायला लागले की अजूनही एक हात आपोआप वर जातो, मग समोर मोर्चा असो की भाजीवाली. ग्रुपवर मात्र मोर्चा वगैरे काही नाही. सकाळी उगवता सूर्य आणि गुलाब, दुपारी गुडघेदुखीवर मेथीदाणे, संध्याकाळी राजकारणावरून हमरीतुमरी आणि रात्री सगळ्यांना शुभरात्री. अधूनमधून एखाद्याचा एकट्याचा फोटो येतो. तो आला की सगळे समजतात, गेला बिचारा. खाली जोडलेल्या हातांची रांग लागते.

तर या ग्रुपवर बाबांनी एक मजकूर लिहिला होता. कंपनीतली एक जुनी आठवण. दोन दिवस एका बोटाने लिहीत होते. चहा गार व्हायचा, सासूबाई ओरडायच्या, बाबा म्हणायचे, "थांब, क्रम चुकेल." शेवटी टाकला. आणि त्याखाली काहीच नाही. अंगठा नाही, फूल नाही, हात नाही. मग कुणीतरी बायकोवरचा विनोद टाकला आणि त्याला हसणाऱ्या तोंडांचा हा पूर आला. बाबांच्या मजकुराला एकच उत्तर आलं. लेथच्या शेजारी ज्यांची मशीन होती, त्या महाळुंग्याच्या मित्राचं: "येवढं लांबडं कोण वाचतंय राव?"

बस्स. वॉकआउट.

त्यामागे बाबांचा एक पक्का हिशोब होता. त्यांच्या काळी हत्यारं खाली ठेवून माणसं गेटबाहेर येऊन बसली की दुपारपर्यंत मॅनेजमेंटचं माणूस घाम पुसत बाहेर यायचं. चला साहेब, बसून बोलू. बाबांच्या अख्ख्या आयुष्यात हा उपाय फुकट गेला नव्हता. प्रॉब्लेम एवढाच की या ग्रुपला गेट नव्हतं आणि मॅनेजमेंटही नव्हतं. शेकडो माणसांतून एक गेला तर तिथे एक बारीकशी करड्या अक्षरातली ओळ उमटते, आणि ती ओळ पुढच्या उगवत्या सूर्याखाली गडप होते.

दुपारी फोन आला नाही. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात फोनचं राज्य सुरू झालं. बाबा फोन घेऊन संडासात, फोन घेऊन मंडईत, जेवताना ताटाशेजारी फोन, लोणच्याच्या वाटीहून जवळ. टिंग झालं की झडप. कधी बँक, कधी साड्यांचा सेल, कधी रिचार्ज संपत आल्याची धमकी. प्रत्येक वेळी चेहरा उजळायचा आणि पडायचा. मला ते बघवत नव्हतं आणि त्याचा रागही येत होता. मला वाईट वाटलं की पहिल्यांदा रागच येतो, त्याला मी तरी काय करू.

आता आमच्या घरात बाकीचे काही फार सुधारलेले आहेत असं नाही. नवरा चाकणला कंपनीत आहे. तिथे गेटवर फोन जमा करून आत जावं लागतं, म्हणून शिफ्टभरचा उपास तो घरी येऊन बाथरूममध्ये सोडतो. आत नळाचा थेंब नाही, नुसता रील्सचा आवाज. सासूबाई केकच्या रील्स बघतात. घरात ओव्हन नाही, त्यांना अंडं चालत नाही, तरी बघतात. आणि मी? मी तर हिंजवडीशेजारी माणला एका आयटी कंपनीत बसून हेच उद्योग करते. एका खरेदीच्या ॲपवरून माणसाच्या फोनला केव्हा टिंग करायचं, कुठल्या शब्दांत करायचं, लाल ठिपका किती वेळ ठेवायचा, हे आमची टीम ठरवते. म्हणजे ज्या आजाराने सासरे पिडलेले, त्याच्याच कारखान्यात सून कामाला.

एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले आणि जरा शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, "बाबा, रोज ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट मिळाली ना, तर माणूस सारखा फोन उघडत नाही. कधी मिळते, कधी नाही, याचा अंदाज लागत नाही म्हणून उघडतो. हे मुद्दाम केलेलं असतं. तुमच्यात काही खोट नाही."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे ओव्हरटाइमसारखं."

"ओव्हरटाइम?"

"सुपरवायझर कुणाचं नाव पुकारेल सांगता यायचं नाही. म्हणून शिफ्ट सुटली तरी सगळे खात्याच्या दाराशी रेंगाळायचे. रोज मिळाला असता तर कोण रेंगाळलं असतं?" मग म्हणाले, "तू लोकांना दाराशी रेंगाळायला लावतेस होय?"

"पगार त्याचाच देतात, बाबा."

ते हसले. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. तेवढ्यात टिंग झालं आणि माझं अख्खं व्याख्यान पालथ्या घड्यावर पाणी. साड्यांचा सेल होता. फोन उलटा ठेवून ते म्हणाले, "कुणी साधं विचारलं नाही गं, कुठे आहेस म्हणून. एवढी वर्षं यांच्यासाठी घसा कोरडा केला. उद्या मेलो तरी यांना पत्ता लागायचा नाही."

हे ते चिडून नाही म्हणाले. चिडून म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. त्यानंतर ते संध्याकाळी बागेत जायचेही बंद झाले. तिथे म्हणे रेंज नीट येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला वाटतं या माणसाला एकदा कुणीतरी हाक मारावी, बाकी काही नको." मलाही तेच वाटत होतं. एका माणसाने विचारावं. एकाने.

शुक्रवारी माझं काम घरून असतं. त्या दिवशी स्कूटीचा ब्रेक लागत नव्हता, म्हणून सकाळी भोसरीला चाचांच्या गॅरेजवर गेले. चाचा बाबांच्याच कंपनीत मेंटेनन्सला होते, आता दुचाकींचं गॅरेज चालवतात आणि त्या ग्रुपचे ॲडमिनही तेच. म्हटलं, इथेच विषय काढावा.

"चाचा, बाबांनी ग्रुप सोडला."

"कब?" चाचांचा पाना हातातच राहिला.

"झाले बरेच दिवस."

"अरे देवा. मला कसं कळणार बेटा, मी तर तो म्यूट केलाय. सगळ्यांनीच केलाय."

"मग लिहितं कोण एवढं?"

"सगळेच लिहितात." चाचा म्हणाले आणि हसत सुटले. मग माझा चेहरा बघून त्यांनी पाना खाली ठेवला. मी त्यांना सगळं सांगितलं. फोनवरची झडप, बंद झालेली बाग, ताटाशेजारचा फोन. चाचांना खरंच लागलं. "इतना दिल पे लिया? थांब, आत्ता घेतो त्याला परत. असा वाजतगाजत घेतो की बघत राहशील."

कापडाला बोटं पुसून त्यांनी आधी बाबांना ग्रुपमध्ये घेतलं. मग फोटो शोधायला लागले. साधा फोटो नको, झकास पाहिजे. शेवटी सापडला तो निरोप समारंभाचा. अंगावर शाल, हातात नारळ आणि गळ्यात पोटापर्यंत लोंबणारा झेंडूचा हार. चाचांनी तो टाकला. "आता खाली लिहितो, आपल्या नेत्याचं जोरदार स्वागत करा." दोन अक्षरं लिहिली नाहीत तोवर एक जण चेन तुटलेली मोटरसायकल ढकलत आला आणि चाचा फोन खिशात टाकून तिकडे धावले. माझा ब्रेक झाला होता. मी खुशीत घरी निघाले.

घरी पोचले तर हॉलमध्ये टिंग टिंग टिंग टिंग. देवळात आरतीला घंटा वाजावी तसं. बाबा सोफ्याच्या कडेला बसलेले, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि चेहऱ्यावर इतके दिवस न दिसलेलं तेज. मनात म्हटलं, वा चाचा!

"काय म्हणतायत, बाबा?"

बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांचा हारवाला फोटो. त्याखाली, "भावपूर्ण श्रद्धांजली." त्याखाली, "भावपूर्ण श्रद्धांजली." त्याखाली जोडलेले हात, जोडलेले हात, "विश्वास बसत नाही", जोडलेले हात.

माझ्या तोंडून फक्त "अगं बाई" एवढंच बाहेर पडलं.

एकट्याचा फोटो, त्यात हार. कोण कशाला खाली-वर बघतंय! पहिल्याने हात जोडले, ते बघून दुसऱ्याने जोडले. एकाने केलं की दुसरा करतो, दुसऱ्याचं बघून दहावा, आणि दहावा मागे वळून बघत नाही. यावर तर आमच्या ऑफिसात तासन्‌तास मीटिंगा चालतात.

"बाबा, लवकर लिहा, मी जिवंत आहे म्हणून!"

बाबांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. तोच मोर्चातला हात. "थांब गं जरा. अजून येतायत."

शप्पथ सांगते, मला हसावं की त्यांचा फोन खिडकीतून भिरकावून द्यावा हे कळेना. ते मोठ्याने वाचायला लागले. "कामगारांचा खरा आधार हरपला. ऐकलंस? हा कँटीनमध्ये माझ्या टेबलावर बसायचा नाही. आणि हे बघ, दिलदार मनाचा राजा माणूस. हा तर विरोधी युनियनचा!" इतके दिवस अंगठ्यासाठी झुरणाऱ्या माणसाला आज पंचपक्वान्नांचं ताट वाढून आलं होतं, आणि त्यासाठी फक्त मरावं लागलं होतं. तेवढ्याला त्यांची तयारी दिसत होती.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. त्यांच्या बहिणीचा फोन आला होता, कारण बहिणीचे यजमानही त्याच कंपनीतले. "अगं रडतेस काय? मी इथं गवार मोडतेय आणि हे मेले म्हणे! हॉलमध्ये बसलेत, चांगला दोनदा चहा ढोसलाय सकाळपासून!" फोन आपटून त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "लाज वाटते का? आधी लिहा काहीतरी!"

"लिहितो, लिहितो," बाबा म्हणाले आणि पुढे वाचायला लागले.

चाचांचा फोन मला आला. बिचारे रडकुंडीला आले होते. "बेटा, बडी गडबड झाली. मी लिहिलं, जिवंत आहे, स्वागत करा. कुणी वाचतच नाही. मी लिहिलेलं वर जातं आणि खाली पुन्हा हातच हात!"

ते खरंच होतं. चाचांची ओळ श्रद्धांजलीच्या गर्दीत कुठल्या कुठे गेली होती. आणि तेवढ्यात वाचता वाचता बाबा थबकले. एकाने मोठा परिच्छेद पाठवला होता. स्वभाव, सेवा, समाजकार्य, सगळं होतं त्यात. फक्त नाव बाबांचं नव्हतं. मागच्या महिन्यात वारलेल्या कुण्या दुसऱ्याच माणसाचा मजकूर तसाच्या तसा पुढे ढकललेला. त्याखाली चौघांनी अंगठे दिलेले.

बाबांनी तो पुन्हा वाचला. मग वर गेले, पहिल्यापासून सगळे बघत आले. आधी राजा माणूस होता, दिलदार होता, आता नुसतेच हात उरले होते, सगळे एकसारखे. टिंग अजून होत होतं, पण ते आता बघत नव्हते. फोन त्यांनी टीपॉयवर ठेवला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या क्षणी मला माझ्या नोकरीचा, त्या ग्रुपचा, सगळ्यांचाच मनापासून संताप आला.

बेल वाजली.

दार उघडलं तर बाहेर पांढरी टोपी घातलेला एक उंच म्हातारा. चपला जिन्यातच काढलेल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत हार, डोळे सुजून लाल. मी त्यांना ओळखलं. तेच महाळुंग्याचे, "येवढं लांबडं कोण वाचतंय"वाले. मी काही बोलायच्या आत ते हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, न्हेलं का गं त्याला?"

मी बाजूला झाले. समोर सोफ्यावर बाबा.

म्हातारबा बघतच राहिले. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते सगळं काही इथे लिहिता येणार नाही. लिहिण्यासारखं एवढंच, "आरं मुडद्या! तू जित्ता हाईस व्हय!" आणि ते आमच्या चपलांच्या रॅकवरच मटकन बसले आणि लहान पोरासारखे मोठ्याने रडायला लागले. बाबा धडपडत उठले. त्यांना काय करावं कळेना, त्यांनी मित्राची टोपी सरळ केली.

सासूबाईंनी पाणी आणलं. पाणी पिता पिता ते बोलत होते. "फोटू बघितला आन्‌ तसाच निघालो. भाकर ताटात टाकून. चाकणच्या चौकात ही गाड्यांची रांग! कंटेनरवाल्याला म्हनलं, बाबा, मला सोड, माझा गडी चाललाय. वाटलं, त्वांड बी दिसत न्हाई आता." बाबांच्या गुडघ्यावर त्यांनी एक सणसणीत चापट मारली. सासूबाई म्हणाल्या, "तो हार द्या इकडे, देवाला घालते," तेव्हा कुठे त्यांनी पिशवी हातातून सोडली.

चहा झाला. बाबा बराच वेळ कपाशी खेळत होते. मग मान खाली घालून म्हणाले, "तू माझा मेसेज वाचला नाहीस म्हणून मी बाहेर पडलो."

"कंचा मेसेज?"

"तो, खंडेनवमीचा. लांबडा म्हणालास."

"आरं, मोतीबिंदू पिकलाय माझा. फोटू दिसतोय, पन दोन वळी झाल्या की अक्षरं नाचत्यात. त्ये वाचून घ्यायला घरात कोन मोकळं हाय? पोरं कंपनीत, सुना कंपनीत." ते पुढे सरकले. "आसं लिवून काय करतोस? आयुष्य शेजारच्या मशीनवर काढलं आपन. तोंडानं सांग की."

बाबा आधी लाजले. मग घसा खाकरला. टीपॉयवर फोन थरथरत होता. तो मी उचलला, ग्रुपवर "बाबा जिवंत आहेत" असं लिहिलं आणि आवाज बंद करून टाकला.

"खंडेनवमी होती," बाबांनी सुरुवात केली. "सगळ्या मशीनी धुऊन पुसून हळदकुंकू लावलेलं. नवी मशीन नुकतीच आलेली, परदेशातनं. साहेब सांगून गेला होता, हिच्यावर नारळ फोडू नका. तर आमच्यातला एक शहाणा म्हणाला, सगळ्यांना नारळ आणि हिलाच नाही, हे बरं दिसत नाही. आणि त्यानं तिच्या अंगावरच धाडकन फोडला. पाणी गेलं सगळं पॅनेलमध्ये. असा ठो आवाज झाला, की अख्ख्या खात्यात अंधार."

सासूबाई हसू दाबत होत्या. मी आधी बाबांकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. त्यांच्या मिशा थरथरत होत्या, कान लाल झाले होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तो शहाणा कोण.

"मग साहेब आला धावत," बाबा म्हणाले. त्यांचा हात वर गेला होता. "म्हणाला, कुणी फोडला? कोणी हूं की चूं करेना."

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. ज्याच्या हातून तो नारळ फुटला होता, साहेबासमोर मान खाली घालून जो स्वतः उभा होता, पुढे काय झालं ते ज्याला आमच्या सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं, तो माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढे वाकला आणि म्हणाला,

"मंग?"